विषय: गोव्यात कुणाला कोणता जीपीएस?

मेधा, टोरांटो:

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात सगळे कुटुंब कुलदेवतेच्या दर्शनाला येतोय. भाड्याची गाडी मी चालवणार, मुलगा स्कूटरवर फिरणार, दीर म्हादईच्या रानात ट्रेकला जाणार. इथला गार्मिन नेव्हिगेटर सोबत आणावा की फोन पुरेल? आणि आम्ही कुठवर पोचलो हे सासूबाईंना घरबसल्या कळायला हवे.

श्रीपाद, डिचोली:

मेधा, आधी दिरांचे. त्यांच्याकडे उपग्रहावरून संदेश पाठवणारे गार्मिन इनरीच असेल तर ते टोरांटोतच राहू दे. आपल्याकडे अशी उपकरणे आणि सॅटेलाइट फोन परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. २०२४च्या डिसेंबरात दाबोळी विमानतळावर याच कारणावरून एका परदेशी प्रवाशाला पोलिसांनी ताब्यात घेतले होते. रानासाठी फोनवर ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड हे नकाशाचे अ‍ॅप घालून नकाशा आधीच उतरवावा, कारण त्यात पायवाटाही असतात. तरी वाटाड्या हवाच, यात माझे मत बदलणार नाही.

तुला गाडीत फोनच बरा. अमेरिका-कॅनडात विकल्या जाणाऱ्या नेव्हिगेटरमध्ये बहुधा तिथलेच नकाशे असतात. मात्र इथे खरी गफलत यंत्रापेक्षा नावांनी होते. शांतादुर्गा कवळ्याला आहे, फातर्प्याला आहे, धारगळलाही आहे. म्हाळसा म्हार्दोळला आणि वेर्ण्यालाही. नुसते देवीचे नाव टाकलेस तर फोन भलत्याच तालुक्यात नेईल आणि तुला वाटेल आपण बरोबरच चाललोय! भटजींकडून देवळाचे लोकेशन व्हॉट्सअ‍ॅपवर मागव आणि ते सेव्ह करून ठेव. विमानतळाचेही तसेच. आता दाबोळी आणि मोपा असे दोन आहेत, एक दक्षिणेला, एक पार उत्तरेला. तिकीट बघूनच नाव टाक.

मुलाला सांग, गूगल मॅप्समध्ये टू-व्हीलरचे चिन्ह निवडूनच निघ. पणजीच्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे. मोटारीचा रस्ता लावला तर फोन त्याला त्याच पुलावर चढवू पाहील. तिथे मांडवीवर पूल शेजारी शेजारी आहेत, वरचा कोणता नि खालचा कोणता हे जीपीएसला पटकन कळत नाही. म्हणून तिथे स्क्रीनपेक्षा रस्त्यावरच्या पाट्यांवर लक्ष ठेवायचे. दिवाडीला जायचे असेल तर फेरीबोट लागेल. इतर ठिकाणी ती नको असेल तर सेटिंगमध्ये फेरी टाळण्याची सोय आहे.

सासूबाईंना वेगळे अ‍ॅप शिकवू नका. व्हॉट्सअ‍ॅपचे लाइव्ह लोकेशन आठ तासांपर्यंत चालू ठेवता येते, तेवढ्यात एक दिवस निघतो.

मेधा:

काका, खूप आभार. परतताना चोर्ला घाटातून बेळगावला जाणार. तिथे रेंज नसते म्हणतात. मग जीपीएस बंद पडेल का?

श्रीपाद:

नाही पडत. फोन उपग्रहांचा सिग्नल नुसता ऐकतो, त्याला मोबाइलची रेंज लागत नाही. रेंज लागते ती नकाशा आणायला आणि ट्रॅफिक दाखवायला. नकाशा उतरवलेला असला की गाडीचा रस्ता घाटातही दिसतो. म्हणून निघायच्या आदल्या रात्री वायफायवर ऑफलाइन नकाशा घे, आणि नकाशाचा भाग निवडायचा चौकोन साखळी गावापाशी थांबवू नकोस, बेळगावपर्यंत ओढ.