पॅराबेन काढलं, मग त्याजागी काय घातलं?

शेवंती: पॅराबेन म्हणजे क्रीम खराब होऊ नये म्हणून घालतात ते द्रव्य. काल एकीने लिहिलं, 'डबीवर पॅराबेन दिसलं की क्रीम फेकून द्या, स्तनाचा कॅन्सर होतो.' वाचून डोकंच फिरलं. ही भीती मुख्यतः २००४ च्या एका ब्रिटिश अभ्यासातून पसरली. स्तनातल्या २० गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन सापडलं, पण निरोगी पेशींशी तुलनाच केली नव्हती! पाणी असलेल्या क्रीममध्ये बुरशी धरणारच, म्हणून पॅराबेन घालतात. बोंब झाल्यावर अनेक कंपन्यांनी त्याऐवजी मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे दुसरं टिकवणारं द्रव्य वापरलं आणि युरोपात ॲलर्जीचे रुग्ण भराभर वाढले. शेवटी २०१७ मध्ये लावून तशाच ठेवायच्या क्रीममधून ते बंद करावं लागलं.

रानजाई: ते मीच लिहिलं होतं. पॅराबेन इतकं साधं असेल तर डेन्मार्कने २०११ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांच्या प्रसाधनांत प्रोपिल आणि ब्युटिल हे पॅराबेनचे प्रकार का बंद केले? युरोपनेही २०१४ मध्ये पाच पॅराबेनं काढली. माझ्या आजीने जन्मभर मसूर डाळ, आंबेहळद, नागरमोथा लावला. काही झालं नाही तिला.

शेवंती: उटणं कोरडं असतं, म्हणून टिकतं. भिजवून चार दिवस ठेवा आणि झाकण उघडा. माझ्या वहिनीने कोरफडीचा गर बाटलीत भरून आठवडाभर डोळ्यांखाली लावला. डोळा सुजून बंद झाला.

रानजाई: बाटली धुतली नसेल.

शेवंती: वहिनीवर घसरू नका. उकळून घेतली होती.

माळरान: कोरफड पानातून काढली की लगेच लावायची, साठवायची नाही. आणि हल्ली विकतच्या उटण्यात नुसता सेंट असतो, दिवाळीला आमच्याकडे दोघांना खाज सुटली, त्यावर कुणी बोलत नाही!

रानजाई: अगदी! म्हणूनच घरी दळा.

अबोली: उटणं राहू द्या. बाळाच्या ओल्या वाइप्सने माझे हात वर्षभर फुटत होते. पाठीवर पट्ट्या लावून ॲलर्जी कशाची ते तपासलं, तर तेच मिथाइलआयसोथायाझोलिनोन निघालं. पाकिटावर ठळक लिहिलं होतं, 'पॅराबेनमुक्त'. मी त्यासाठीच जास्त पैसे मोजले होते.

रानजाई: हे माहीत नव्हतं. पण प्रोपिल-ब्युटिलची मर्यादा युरोपने ०.१४ टक्क्यांवर आणली, ते शेवंतीताईंनी का गाळलं?

शेवंती: गाळायला नको होतं, मान्य. पण मिथाइल आणि इथाइल तिथे आजही ०.४ टक्क्यांपर्यंत चालतं. 'पॅराबेन' म्हणून सगळ्यांना एकाच दावणीला बांधू नका.

रानजाई: बरं, डबी फेकत नाही. पण लेक दोन वर्षांची आहे, तिला प्रोपिलवालं लावणार नाही.

शेवंती: नकाच लावू. त्याबद्दल माझं भांडण नव्हतंच.