१४ फुटी जुनी फायबर होडी : मागची फळी भुसभुशीत, तळाला भोक. कुठून धरायचं?

येलदरीकाठ
नमस्कार मंडळी. येलदरी धरणाच्या फुगवट्यात वापरायला १४ फुटी फायबर होडी घेतली आहे. काही वर्षं शेतात लिंबाखाली उताणी पडून होती, पावसाचं पाणी आतच साचत होतं. आजची अवस्था अशी :
मशीन (होडीचं इंजिन) बसतं ती मागची फळी ठोकली की भद्द वाजते, बोल्टच्या भोकातून तपकिरी पाणी झिरपायलंय. आतल्या फ्लोअरवर पाय दिला की दबतो. तळाला उजव्या अंगाला २ इंचाचं भोक आहे, तिथं जाडी ५ मिमी भरली. बाहेरून जेलकोटला (सगळ्यात वरच्या गुळगुळीत रंगीत थराला) जाळीदार चिरा.
मशीन ८ एचपी. काम घरीच पत्र्याच्या शेडात करायचं आहे, ग्रायंडर आहे. भोकात एम-सील भरून वरून रंग मारला तर चालेल का? रेझिन पॉलिस्टर घ्यावं का इपॉक्सी? माल किती लागेल? आणि मृगाच्या आत उरकेल का?

रेझिन_वाळूज
एम-सील नको. ते भोक बुजवतं, पण तळाला पाण्याचा मार बसतो तो पेलत नाही. गाडीच्या डेंटिंगची पुटीसुद्धा पाण्याखाली लावू नका, ती पाणी पिते आणि वरचा थर फुगून सुटतो.

भोकाचं काम असं. आधी अॅसिटोनच्या फडक्यानं जागा पुसा, मग ग्रायंडर लावा. उलट केलं तर जुनं मेण आणि तेलकटपणा घासून आत जातो आणि नवा थर पुढं पापडासारखा सुटतो. ३६ किंवा ४० नंबरच्या डिस्कनं भोकाभोवती उतार काढा, जाडीच्या १२ पट. म्हणजे ५ मिमी जाडीला चहूबाजूंनी ६ सेंमी, एकूण घासलेला गोल साधारण १७ सेंमीचा. हा उतार वाचवायला जाऊ नका. जुन्या फायबरवर नवं पॉलिस्टर रासायनिक जुळत नाही, नुसतं खरखरीत जागेला धरून बसतं, म्हणून जागा जितकी मोठी तितकी पकड जास्त.

आतल्या अंगानं भोकामागं मेण लावलेला सनमायकाचा तुकडा टेकवा आणि बाहेरून थर चढवा. मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) ४५० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम, एक थर सुमारे १ मिमी बसतो, म्हणून पाच थर. सगळ्यात मोठा तुकडा आधी, लहान नंतर. पुष्कळ जण उलट करतात. मोठा आधी टाकला की नव्या मालाचा पहिला अख्खा थर जुन्याला चिकटतो, आणि वरून घासताना लांब धागे कापले जात नाहीत. एका वेळी दोन-तीनच थर टाका, ते गार झाले की पुढचे. पाचही एकदम चढवले तर रेझिन आतून तापतं आणि चिरा पडतात. प्रत्येक थरावर लोखंडी रोलर फिरवून हवा काढा. पांढुरके ठिपके राहिले म्हणजे तिथं हवा आहे, पुढं पाणी तिथूनच शिरणार.

पॉलिस्टर का इपॉक्सी? या होडीला आयसोफ्थॅलिक पॉलिस्टर (पाण्यात जास्त टिकणारा प्रकार) पुरेसं आहे. इपॉक्सीची पकड नक्कीच जास्त, पण ती कितीतरी महाग. शिवाय साध्या मॅटमधला बाइंडर (धागे धरून ठेवणारा डिंक) पॉलिस्टरमधल्या स्टायरीन या पातळ द्रवात विरघळणारा असतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळं मॅट नीट भिजत नाही, ताठच राहते. इपॉक्सी वापरायचीच असेल तर विणलेलं कापड घ्या, आणि तिच्यावर जेलकोटऐवजी रंगच द्या. इपॉक्सीवर पॉलिस्टर जेलकोट भरवशानं धरत नाही.

दुकानातून कोबाल्ट (रेझिन लवकर आवळायला लावणारं रसायन) आधीच मिसळलेलं रेझिन मागा. कोबाल्ट आणि हार्डनर (एमईकेपी) एकमेकांत थेट कधीच ओतू नका, भडका उडतो, स्फोटही होतो. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावल्याशिवाय बाटली उघडू नका. डोळ्यात उडालाच तर त्या क्षणी पाणी मारायला लागा, निदान १५ मिनिटं, आणि तसंच दवाखाना गाठा. हार्डनर सांडलेली फडकी पाण्याच्या बादलीत टाका, कोपऱ्यात गोळा करून ठेवली तर आपोआप पेटतात.

मास्क दोन प्रकारचे लागतात. घासताना धुळीचा एन-९५, रेझिन लावताना वासाच्या कार्ट्रिजचा. एन-९५ स्टायरीनचा वास अडवत नाही.

सुतारकाम_नांदेड
वर सांगितलं ते भोकापुरतं. तुमचं खरं दुखणं मागची फळी आणि फ्लोअर आहे, आणि तिथं हात घालायच्या आधी होडीला टेकू द्या. फ्लोअर आणि खालचे लाकडी दांडेच होडीचा आकार धरून असतात. ते काढले की तळ स्वतःच्या वजनानं पिळतो, आणि त्या पिळावर नवा फ्लोअर बसवला की होडी कायमची वाकडी. जुने टायर आणि वाळूची पोती तीन-चार ठिकाणी बसवा, दोन्ही कडांवर पाणसळ ठेवून समपातळी करा, काम संपेपर्यंत तपासत राहा.

किती कुजलंय ते फळी न उघडता कळतं. आतल्या अंगानं ५ मिमीच्या बिटनं ओळीनं भोकं पाडत जा आणि भुसा बघा. कोरडा, फिकट, करकरीत असेल तर लाकूड शाबूत. काळा, ओला, चिखलासारखा आला की ते गेलं. अर्धवट कुजलेली फळी वाचवत बसू नका, पूर्ण काढा. बाहेरची फायबरची कातडी तशीच ठेवा आणि आतून कापा. बाहेरचा आकार तयार मिळतो, जेलकोटचं कामही वाचतं.

प्लाय मरीन ग्रेडचीच, शिक्का आयएस ७१० बघून घ्या. बीडब्ल्यूआर म्हणून मिळते ती वेगळी, ती इथं नको. फळीसाठी १८ मिमीचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवून, म्हणजे दोन्ही कातड्या धरून ४२ मिमीच्या आसपास. फ्लोअरला १२ मिमी. प्रत्येक तुकड्याला आधी १० टक्के स्टायरीन घालून पातळ केलेल्या रेझिनचा हात द्या. कापलेल्या कडांना दोन-तीनदा, कारण पाणी कडेतूनच चढतं. फ्लोअरची खालची बाजू बसवण्याआधीच मढवा, नंतर तिथं हात जात नाही.

बोल्टची भोकं हीच फळी कुजण्याची सुरुवात असते. १० मिमीच्या बोल्टला आधी १६ मिमीचं भोक पाडा, ते घट्ट कालवलेल्या इपॉक्सीनं भरा, कडक झालं की मधोमध १० मिमीचं पाडा. बोल्ट मग लाकडाला कुठंच लागत नाही.

फळी आणि तळ जिथं काटकोनात भेटतात तिथं रेझिन-एरोसिलच्या (एरोसिल म्हणजे रेझिन दाट करणारी सिलिकाची भुकटी) लगद्यानं गोलाई भरून मगच मॅट चढवा. मॅट काटकोनात वळत नाही, मागं पोकळी राहते.

येलदरीकाठ
लई कामाची माहिती, दोघांचेही आभार. मापं : मागची फळी १.२ मीटर बाय ४५ सेंमी, फ्लोअर ३ चौ. मी. आमच्याकडं आताच दुपारी पारा चाळीसच्या पुढं जायलाय, हार्डनर किती धरू? आणि फ्लोअरखाली जुना पिवळा फोम ओला आहे, तिथं थर्माकोल भरला तर?

रेझिन_वाळूज
थर्माकोल अजिबात नको. रेझिनमधलं स्टायरीन त्याला क्षणात विरघळवतं, फ्लोअरखाली पोकळी होते. ओला फोम पूर्ण काढा, तो वाळत नाही, नुसतं वजन वाहतो. त्या जागी दोन भागांचा पीयू फोम किंवा पॉलिथिलीन फोमचे ठोकळे. तळाच्या मध्यभागी पाणी मागं वाहून जायला वाट मोकळी ठेवा.

माल : फ्लोअरच्या खालून ३०० चा एक थर, वरून ४५० चे दोन, म्हणजे ३.६ किलो मॅट. फळी, तिच्या कडा, दांडे आणि भोक धरून आणखी अडीच किलो. नासधूस धरून ७ किलो घ्या. मॅटच्या वजनाच्या अडीच पट रेझिन, वर लगद्याला थोडं, असं २० किलो. हार्डनर अर्धा किलो, अॅसिटोन ५ लिटर.

हार्डनर १ टक्का, म्हणजे १०० ग्रॅम रेझिनला साधारण १ मिली. उकाडा आहे म्हणून त्याच्या खाली येऊ नका. कमी पडला तर रेझिन उशिरा आवळतं असं नाही, ते कधीच पूर्ण कडक होत नाही. उन्हाळ्यात वेळ बदलायची, प्रमाण नाही. पहाटे साडेपाच ते आठ एवढंच लॅमिनेशन (थर चढवणं), एका वेळी ३०० ते ४०० ग्रॅमच कालवा आणि पसरट ट्रेमध्ये ओता. खोल डब्यात तेच रेझिन धुरावतं. पत्रा तापायच्या आत थर आवळलेला हवा. नव्या मालाचा १०० ग्रॅमचा नमुना आधी कालवून किती मिनिटांत दाटतो ते बघा.

शेवटच्या थरात मेणाचं द्रावण घाला, नाहीतर हवेमुळं पृष्ठभाग चिकट राहतो. मधल्या थरांत मात्र मेण नको.

नाथसागर
मृगाची घाई कशाला? आपल्याकडच्या धरणांत पाणी चढतं ते बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरात. एप्रिल-मेचं कोरडं ऊन वाळवण्यासाठी सोन्यासारखं आहे, ते वापरा. आत्ता फोडकाम, घासणं आणि वाळवणं. वाळलं का ते असं बघा : घासलेल्या जागेवर फूटभर पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी टेपनं बंद करा, दिवसभर उन्हात ठेवा. आतून दव धरलं तर फायबरात पाणी आहे, अजून थांबा.

थर मेअखेर पहाटे होत असतील तर उत्तम. पाऊस सुरू झाला की मॅट दमट होते, तेव्हा दसऱ्यापर्यंत थांबलेलं बरं. नोव्हेंबरात २० ते ३० अंशांत दिवसभर काम करता येतं. तोवर मॅट प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा, हार्डनर गार सावलीत रेझिनपासून लांब.

जेलकोटच्या चिरा सगळ्यात शेवटी. जाळी कुठं आहे ते आधी टिपून ठेवा. फळीच्या आसपास असतील तर फळी हलत होती म्हणून पडल्या आहेत, ती पक्की झाल्यावर भरा. चीर इंग्रजी व्ही अक्षरासारखी उघडायची, जेलकोट भरायचा, वरून जाड प्लास्टिकची फिल्म चिकटवायची, म्हणजे हवा लागत नाही. भरल्यावर होडी टायरांवरच ठेवून आत चार बोटं पाणी घाला आणि बाहेरून तळ खडूनं खुणा करत तपासा.

येलदरीकाठ
ठरलं. या आठवड्यात टायर-पोती लावून फळीला भोकं पाडतो, भुशाचे फोटो इथं टाकतो.

सुतारकाम_नांदेड
भोकं खालून वर घेत जा, कुज खालीच जास्त असते. प्रत्येक भोकाशेजारी पेन्सिलनं नंबर टाका, फोटोत भुसा कुठला ते कळेल.