सुट्टीपुरतं घर: तुमचे अनुभव लिहा

बालगृहातल्या मुलाला कुणी सुट्टीत घरी आणलंय? लहानपणी स्वतः असं कुणाकडे राहून आलाय? बरं-वाईट दोन्ही लिहा. मुलांची नावं, फोटो मात्र नकोत. सुरुवात मी करते.

नऊ वर्षांची मुलगी, पंधरा दिवस. आधी पोलीस पडताळणी, घरभेट, समुपदेशकाशी बैठका. वैतागले होते, पण तसं नसतं तर आम्हीच तयार नसतो. तिच्यासाठी वेगळी खोली हौसेने सजवली. रात्री बाराला बघते तर पोरगी आमच्या दाराशी बसलेली. "काकू, तिथे कुणाच्या श्वासाचा आवाजच येत नाही." वीस जणींत झोपायची सवय! गादी आमच्या खोलीत आली. फ्रिज उघडायलाही ती परवानगी मागायची. दहाव्या दिवशी न विचारता उघडला. मी बघितलंच नाही असं दाखवलं.

*

आमचं फसलं. रोज नवीन जागा, नवे कपडे, बघायला येणाऱ्या नातेवाइकांची रांग. एकाने तर मुलासमोरच विचारलं, "दत्तक घेणार का?" चौथ्या दिवशी तो म्हणाला, "मला परत सोडा." राग आला, खोटं कशाला बोलू! नंतर कळलं, त्याला आमच्या मुलाची सायकल चालवायची होती. तेवढीच राहिली.

*

मी बालगृहातच वाढलो. एका घरून निघताना "पुढच्या सुट्टीत ये हं" म्हणाले. पुढच्या सुट्टीत पिशवी भरून तीन दिवस बसलो होतो. जमणार नसेल तर म्हणूच नका. आणि ताईला दुसऱ्याच घरी धाडलं होतं, ते अजून सलतं.

*

ताईबद्दल: जिव्हाळा असलेल्या भावंडांची शक्यतो ताटातूट करू नये, असं संयुक्त राष्ट्रसंघाच्या 2009च्या मार्गदर्शक तत्त्वांतच आहे. मी याच क्षेत्रात काम करते. बालगृहातल्या बऱ्याच मुलांना आई किंवा वडील असतात. त्यांच्याबद्दल वाकडं बोलू नका. परतीची तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर दाखवा.

*

आम्ही पहिल्यांदाच आणतोय. सामान काय काय घ्यावं?

*

सामानाचं सोडा हो, ते होतं. परत पोचवायला जाल तेव्हा फाटकावरून वळू नका. आत जा, तिची खाट बघा, मैत्रिणींची नावं विचारा. आमची हात धरून ओढत घेऊन गेली होती.