मदत हवी आहे: मांडीच्या हाडात फायब्रस डिस्प्लेसिया, ऑपरेशन लगेच करावं का?

चौकस_मामा
भाची, वय 9. पावसाळ्यापासून डावी मांडी दुखते, थोडी लंगडते. एक्स-रे रिपोर्टमध्ये फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) मानेत, म्हणजे खुब्याजवळच्या भागात, 'ग्राउंड ग्लास' छटा, फायब्रस डिस्प्लेसिया असं लिहिलंय. कॅल्शियम नॉर्मल, व्हिटॅमिन डी 14, अल्कलाइन फॉस्फटेज 780. एक सर्जन म्हणतात, खरवडून कमरेचं हाड भरू. दुसरे म्हणतात थांबा. डाव्या कुल्ल्यावर जन्मापासून मोठा तपकिरी डाग आहे, त्याचा काही संबंध? हा कॅन्सर आहे का? धाकट्या भावालाही तपासावं का?

अस्थिविचार
कॅन्सर नाही. भावाला तपासायची गरज नाही, कारण हा आजार आनुवंशिक नाही. गर्भ वाढत असताना एखाद्या पेशीत जीएनएएस जनुक बिघडतो आणि त्या पेशीपासून झालेल्या भागातच दोष राहतो. तिथे पक्कं हाड बनण्याऐवजी तंतुमय ऊती आणि कच्चं हाड भरतं. म्हणून एक्स-रेत धुरकट काच दिसते आणि हाड वजनाखाली वाकतं.

डाग मात्र महत्त्वाचा. त्याच्या कडा वेड्यावाकड्या, दातेरी आहेत का? तो शरीराच्या मध्यरेषेशी थांबतो का? तसं असेल तर मॅकक्यून-अल्ब्राइट सिंड्रोमचा विचार करावा लागतो, म्हणजे त्याच जनुकाचा दोष हाडासोबत त्वचेत आणि हार्मोनच्या ग्रंथींतही असणं. लहानपणी कधी पाळीसारखा रक्तस्राव किंवा वेळेआधी स्तनवाढ झाली होती का, हे तिच्या आईला विचारा. थायरॉईड आणि ग्रोथ हार्मोनही बघतात. ग्रोथ हार्मोन जास्त असेल तर कवटीचा आजार बळावतो.

ऑपरेशनच्या आधी टेक्नेशियम बोन स्कॅन (किरणोत्सारी औषध टोचून सगळ्या हाडांची तपासणी) करून घ्या. एकच हाड आहे की अनेक, हे त्यातून कळेल. स्कॅनमध्ये कवटी उजळली तर सीटी आणि डोळ्यांची तपासणी. नजर नीट असताना दृष्टीच्या नसेभोवतीचं हाड 'खबरदारी म्हणून' कोरायला जाऊ नये, त्यानेच नजर जाऊ शकते.

अल्कलाइन फॉस्फटेज (हाड घडताना रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढत्या वयात तसंही जास्त असतं, एकट्या त्या आकड्यावर जाऊ नका. फॉस्फरस कुठे आहे रिपोर्टमध्ये?

खिळेपाना
ऑपरेशनबद्दल. कमरेचं हाड भरणं ऐकायला सोपं, पण या वयात ते बहुधा शोषलं जातं आणि जागेवर पुन्हा तेच तंतुमय हाड येतं. प्लेट लावली तर तिचे स्क्रू दुबळ्या हाडात बसतात, आणि प्लेट संपते तिथेच पुढे हाड मोडतं. फीमरला आधार द्यायचाच असेल तर हाडाच्या पोकळीत जाणारी, मानेलाही धरणारी रॉड बरी.

आधी दोन्ही मांड्यांचा उभा एक्स-रे घेऊन मान आणि दांडा यांमधला कोन मोजायला सांगा. साधारण 130 ते 140 अंश अपेक्षित. तो दर वेळी घटत असेल किंवा हाडाची बाहेरची भिंत चिरल्यासारखी दिसत असेल, तर थांबू नये. कोन टिकून असेल, चीर नसेल तर वेळ आहे. तोवर उड्या, कबड्डी बंद, पोहणं चालेल.

आणि रेडिएशन कोणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. त्याने हाडात कॅन्सर होण्याचा धोका वाढतो.

चौकस_मामा
डागाच्या कडा दातेरी आहेत, मध्यरेषेला थांबतो. फॉस्फरस काल केला: 2.9. लॅबने नॉर्मल लिहिलंय, 2.5 ते 4.5.

अस्थिविचार
ती मोठ्यांची मर्यादा छापलीय. 9 वर्षांच्या मुलीला 2.9 कमी आहे. खराब हाड एफजीएफ-23 हे हार्मोन जास्त सोडतं आणि लघवीतून फॉस्फरस वाया जातो. उरलेलं चांगलं हाडही मऊ पडतं. दुखणं आणि फ्रॅक्चर यांना हेच खतपाणी.

आता उपाशीपोटी रक्त आणि सकाळची दुसरी लघवी एकाच वेळी द्या. दोन्हीत फॉस्फरस आणि क्रिएटिनिन, शिवाय रक्तात पीटीएच (पॅराथायरॉईड हार्मोन). गळती ठरली तर फॉस्फेट दिवसातून चार-पाच वेळा विभागून आणि सोबत कॅल्सिट्रिऑल (व्हिटॅमिन डी-चं सक्रिय रूप). नुसतं फॉस्फेट दिलं की पीटीएच चढतो. कॅल्सिट्रिऑल जास्त झालं की मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं. म्हणून डोस मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांनीच ठरवावा. व्हिटॅमिन डी-ची कमतरता आधी भरा.

दुखण्यासाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिड (हाडाची झीज रोखणारं, सलाईनमधून द्यायचं औषध) सुचवतील. वेदना कमी होऊ शकतात, आजार थांबत नाही. डी आणि फॉस्फरस सुधारल्याशिवाय आणि दात तपासल्याशिवाय ती सलाईन लावू नये, कॅल्शियम एकदम घसरतं.

खिळेपाना
रॉडची तारीखही त्यानंतरच घ्या. मऊ हाडात टाकलेली रॉड टिकत नाही. मधल्या काळात मांडीत एकाएकी कळ आली किंवा पाय टेकवेनासा झाला, तर तिला चालवत नेऊ नका. झोपवून न्या आणि त्याच दिवशी एक्स-रे करा.