इलेक्ट्रिक गाडी घ्यायचीय, पण सर्व्हिस सेंटर लांब आहे – सल्ला हवा

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. जुनी पेट्रोल गाडी काढून इलेक्ट्रिक घ्यायचं घरात ठरलंय. दोन गाड्या मनात आहेत. पहिली नव्या कंपनीची, रेंज (एका चार्जमध्ये जाणारं अंतर) भरपूर, चालवून पाहिली तेव्हाच आवडली; पण सर्व्हिस सेंटर १८० किमीवर. दुसरीची रेंज कमी, सेंटर मात्र जवळच. शोरूममध्ये सांगतात, "इलेक्ट्रिकला सर्व्हिसिंग असतं कुठे? ना ऑइल, ना क्लच." विक्रीही वाढतेय म्हणे. मग अंतराची एवढी काळजी करायची का?

केशरीकेबल
करा, नक्की करा. माझ्या इलेक्ट्रिक गाडीला पाचवं वर्ष चालू आहे आणि गाडीवर माझा जीव आहे, म्हणूनच सविस्तर लिहितो.

विक्री वाढतेय हे खरं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आकड्यांनुसार जगभरात २०२३ मध्ये सुमारे १.४ कोटी आणि २०२४ मध्ये १.७ कोटींहून जास्त गाड्या विकल्या गेल्या, प्लग-इन हायब्रिड (चार्जही होणाऱ्या आणि पेट्रोलवरही चालणाऱ्या) धरून. म्हणजे नव्या पाच गाड्यांमागे एक. पण गाडी विकायला एक दिवस पुरतो, हाय व्होल्टेजवर काम करणारा माणूस तयार व्हायला वेळ लागतो. रांग लागते ती इथेच.

मागच्या पावसाळ्यात माझ्या गाडीत इन्सुलेशनचा फॉल्ट (हाय व्होल्टेजची वीज कुठेतरी गळतेय असा इशारा) आला आणि गाडी जागची हलेना. सेंटर जवळ होतं, मोठं होतं, पण बॅटरीच्या लाइनला हात लावायची परवानगी असलेला मेकॅनिक एकच. तेवीस दिवस गाडी उभी! नंबर लागला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. त्याने रबरी हातमोज्यात हवा कोंडली, मनगटाकडून गुंडाळत आणला आणि कानाशी धरून कुठून हवा सुटतेय का ते ऐकलं; बारीक भोक असलं तरी शॉकचा धोका. मग मोठ्या बॅटरीची लाइन तोडणारा सर्व्हिस प्लग काढला, दहा मिनिटं थांबला, मीटर लावून व्होल्टेज उतरल्याची खात्री केली आणि मगच हाय व्होल्टेजच्या केशरी केबलला हात लावला. एसी कॉम्प्रेसरच्या कनेक्टरमध्ये ओल गेली होती. प्रत्यक्ष काम दीड तासाचं.

तेव्हा नुसतं अंतर विचारू नका. "हाय व्होल्टेजचं ट्रेनिंग झालेले किती जण आहेत? बॅटरीचं एखादंच मॉड्यूल (पॅकमधला एक भाग) इथे बदलता, की अख्खा पॅक बाहेर पाठवता?" असं थेट वर्कशॉपमध्ये जाऊन विचारा. सेल्सवाल्याला नको.

मोकळारस्ता
वरच्या प्रतिसादाशी सहमत. नव्या कंपनीबद्दल एक भर घालते. फिस्कर या अमेरिकी कंपनीने जून २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ओशन गाडी घेतलेले हजारो लोक सुट्या भागांसाठी, सॉफ्टवेअर अपडेटसाठी खोळंबले. वॉरंटी कितीही वर्षांची असो, ती पाळायला कंपनी जागेवर हवी. एकूण बाजार वाढतोय म्हणून प्रत्येक कंपनी टिकेलच असं नाही. जर्मनीत तर डिसेंबर २०२३ मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचं अनुदान अचानक बंद झालं आणि पुढच्या वर्षी तिथली त्यांची विक्री चौथाईहून जास्त घसरली. अशा वर्षी छोट्या कंपन्यांची दमछाक होते.

पाऊलवाट
मनापासून आभार! एक शंका: ऑइलच नाही, तर सेंटरला जायचं तरी कशासाठी?

केशरीकेबल
बॅटरीचा कूलंट, ब्रेक फ्लुइड, टायर. वजन आणि टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) जास्त, म्हणून टायर लवकर झिजतात. रीजनमुळे (पाय उचलला की मोटरच वेग कमी करते आणि बॅटरी चार्ज करते) ब्रेक कमी लागतात, त्यामुळे डिस्कवर गंज धरतो. तो साफ करावा लागतो. आणि १२ व्होल्टची साधी बॅटरी! ती बसली की मोठी बॅटरी पूर्ण चार्ज असूनही गाडी सुरू होत नाही.

आणखी एक. बंद पडलेली गाडी चाकं जमिनीवर ठेवून ओढून न्यायची नाही. चाकं फिरली की मोटरही फिरते आणि नुकसान होतं. अख्खी गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रकच लागतो. १८० किमीसाठी तो कोण पाठवणार, खर्च कोणाचा, हे बुकिंगच्या आधी लेखी घ्या.

पाऊलवाट
हे तर डोक्यातच नव्हतं. शनिवारी दोन्ही वर्कशॉपमध्ये जाते. हातमोजेही बघून येते.