सीईटीला मॉकपेक्षा पर्सेंटाइल एवढं कमी का आलं?

कोल्हापूरची_पीसीएम:
क्लासच्या मॉकला (सराव परीक्षेला) मला २०० पैकी १५० च्या आसपास पडायचे आणि शेजारी ९८-९९ पर्सेंटाइल लिहिलेलं असायचं, आता सीईटीचा (इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा) रिझल्ट लागला तर ९४. पेपर बरा गेला होता, फक्त मॅथ्सला शेवटी घाई झाली. नॉर्मलायझेशनमध्ये (वेगवेगळ्या शिफ्टचे मार्क एका पातळीवर आणताना) मार्क कापले गेले का? घरी सगळे विचारतायत आणि मला सांगताच येत नाहीये.

गणितवाला:
मार्क कोणी कापत नाही गं. ९४ म्हणजे तुझ्या शिफ्टला बसलेल्या दर १०० पोरांमागे साधारण ९४ जणांचे मार्क तुझ्याइतके किंवा तुझ्यापेक्षा कमी, बास. प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा असतो म्हणून तुलना त्याच शिफ्टमधल्यांशी होते, पेपर सोपा निघाला की सगळ्यांनाच मार्क पडतात आणि मग त्याच १५० ला पर्सेंटाइल खाली येतं. क्लासचं ९९ हे क्लासमधल्याच पोरांतलं होतं, त्यातली कितीतरी मॉकला पोर्शन पूर्ण न करताच बसतात, त्यामुळे त्या आकड्यावर कुणी विसंबूच नये असं माझं ठाम मत आहे.

सिंहगडरोड:
मॅथ्सच्या घाईचं मला महत्त्वाचं वाटतं. खऱ्या परीक्षेत फिजिक्स-केमिस्ट्रीला मिळून ९० मिनिटं आणि मॅथ्सला वेगळी ९० मिनिटं, केमिस्ट्री लवकर संपली तरी तो वेळ मॅथ्सला वापरता येत नाही. तुमच्या मॉकला सलग तीन तास द्यायचे का? मॅथ्सचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, म्हणजे अर्धा पेपर तोच, तिथे पाच-सहा प्रश्न राहिले की १०-१२ मार्क गेले. आणि जेईईची (आयआयटी-एनआयटीच्या प्रवेश परीक्षेची) तयारी केलेली पोरं निगेटिव्हच्या, म्हणजे उत्तर चुकलं की मार्क कापले जाण्याच्या, सवयीने प्रश्न सोडून देतात, सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाहीये, एकही रिकामा ठेवायचा नसतो.

कोल्हापूरची_पीसीएम:
हो, सलग तीन तासच असायचे! आणि सात-आठ प्रश्न मी रिकामे सोडले, जेईईचा क्लास पण होता म्हणून असेल.

गणितवाला:
मग आधी आन्सर की आणि तुझा रिस्पॉन्स ताडून खरे मार्क काढ, मॉकच्या मार्कांशी ते लावून बघ, पर्सेंटाइल नको. कॉलेजचं म्हणशील तर कॅप राउंडचे (केंद्रीय प्रवेश फेरीचे) मागच्या वर्षीचे कटऑफ तुझ्या ब्रँच आणि कॅटेगरीप्रमाणे काढून घरच्यांना दाखव, ९४ ला काय काय मिळतं ते त्यांनाही कळेल.