सिव्हिल झालंय, ट्रान्सपोर्टेशनमधे एमटेक-पीएचडी करून शिकवायला जावं का?

उजळाईवाडीकर:
नमस्कार मंडळी. बीई सिव्हिल, कोल्हापुरातूनच. दोन वर्षं एका रस्त्याच्या कंत्राटदाराकडं साईटवर आहे, डांबराचं टेंपरेचर बघायचं, रोलरच्या मागं पळायचं आणि बिल निघालं की पगार. कॉलेजात ट्रॅफिकचा विषय लई आवडायचा, म्हणून गेटची प्रवेश परीक्षा देऊन ट्रान्सपोर्टेशनला (रस्ते आणि वाहतूक) एमटेक, जमलं तर पीएचडी आणि मग इकडंच कुठंतरी प्राध्यापक असा विचार चाललाय. वडील म्हणतात पीएचडी होईस्तोवर तिशी उलटंल, त्यापेक्षा एमपीएससीचा क्लास लाव. कुणी या लाईनीत आहे का?

तासावरचा मास्तर:
भावा, मी आहे. एमटेक फर्स्ट क्लास असला की असिस्टंट प्रोफेसरला पात्र, इंजिनिअरिंगला नेट-सेटची पात्रता परीक्षा लागत नाही, एवढं सगळे सांगतात. पुढचं मी सांगतो. सातव्या वेतनात सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० आहे, कागदावर. मी सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस) आहे, म्हणजे तास घेतला तर पैसे, दिवाळीला तास नाही म्हणून पैसे नाहीत, मे महिन्याचं तर विचारूच नको. ॲडमिशनच्या दिवसांत आम्हाला बारावीच्या पोरांच्या घरी पाठवतात. गेल्या जूनमधे भुदरगडात एका घरी गेलो, आजीनं चहा पाजला, मग म्हणाली मास्तर, पोराचं नाव पुण्याला घातलंय की. आणि ट्रान्सपोर्टचा एमटेक असलास तरी सर्व्हे, ड्रॉईंग, जे वाट्याला येईल ते शिकवायचं. सरकारी कॉलेजची पदं एमपीएससीच भरते, म्हणजे फिरून वडिलांच्याच क्लासला आलास बघ.

कागलची पोर:
मास्तरांचं खोटं नाही, पण रिसर्चची बाजू वेगळी आहे. मी पीएचडीच्या चौथ्या वर्षात, केंद्राच्या संस्थेत. गेटवर एमटेकला महिन्याला १२,४०० मिळतात, पीएचडीला २०२३ पासून पहिली दोन वर्षं ३७,००० आणि पुढं ४२,०००, ओढाताण होते पण घरी हात पसरावा लागत नाही. मुंबईचं आयआयटी, खरगपूर, रुरकी, सुरतचं एसव्हीएनआयटी, नागपूरचं व्हीएनआयटी, सगळीकडं हा एमटेक आहे, पण संस्थेच्या नावापेक्षा गाईड बघ, त्यांची आधीची पोरं किती वर्षांत सुटली ते त्या पोरांनाच फोन करून विचार.

काम काय असतं? गच्चीवर कॅमेरा लावायचा आणि १५-१५ मिनिटांचे तुकडे पाडून गाड्या मोजायच्या. पहिल्या वर्षी रात्री डोळे मिटले तरी मला हेल्मेट नसलेली डोकी दिसायची. पण मजा पुढं आहे. सिग्नल किती सेकंदांचा ठेवायचा याचा वेबस्टरचा फॉर्म्युला १९५८ चा, लेनमधे शिस्तीत उभ्या राहणाऱ्या गाड्यांवरचा. आपल्याकडं सिग्नल सुटायच्या आत टू-व्हीलर फटीतून पुढं येऊन पांढऱ्या पट्ट्यावर बसतात. आयआरसी १०६ मधे, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी रस्त्यांच्या नियमावलीत, टू-व्हीलर एकूण गाड्यांच्या ५ टक्के असली तर तिला कारच्या ०.५ धरा, १० टक्के किंवा जास्त असली तर ०.७५. टेबल तिथंच संपतं! आपल्या कोल्हापुरात दाभोलकर कॉर्नरच्या चौकात उभं राहून बघ, १० टक्क्यांचं काय घेऊन बसलाय. पुढं २०१७ ला इंडो-एचसीएम, म्हणजे आपल्या रस्त्यांवर किती गाड्या मावतात याचं भारतीय मॅन्युअल आलं, तरी काम पुष्कळ शिल्लक आहे. ऊसाचा ट्रॅक्टर दोन ट्रेलर लावून कारखान्याकडं निघाला की मागच्या रांगेचं काय होतं, हा विषय आपल्यापेक्षा कुणाला कळणार?

डांबरी माणूस:
सगळे ट्रॅफिक ट्रॅफिक करतायत. अरे पोरा, तू साईटवरचा आहेस, पेव्हमेंट घे की, म्हणजे रस्त्याचे थर आणि डांबर. डांबरी मिश्रण तपासायच्या मार्शलच्या ठोकळ्याला दोन्ही बाजूंनी ७५-७५ ठोके घातलेला गडी लॅबला आयता मिळत नाही. २०१९ ला आणि परत २०२१ ला पुराचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, रस्ता बंद. पाणी ओसरल्यावर त्या डांबराखालच्या थरांत किती दम उरतो, थीसिसला अजून काय पाहिजे? आणि कॉलेज म्हणजेच रिसर्च असं नाही, दिल्लीची केंद्राची रस्ते संशोधन संस्था सीआरआरआय आहे, कन्सल्टन्सी आहेत. मास्तरकीचा हट्ट आधीच कशाला धरतोस.

उजळाईवाडीकर:
कागलच्या ताई, तुमचं वाचून काल संध्याकाळी चुलतभावाला घेऊन खरंच दाभोलकर कॉर्नरला गेलो. तो टू-व्हीलर मोजणार, मी बाकीचं. पाचव्या मिनिटाला त्याचा आकडा चुकला, सहाव्याला भेळवाल्यानं विचारलं आरटीओचे काय तुम्ही. गेटचा फॉर्म भरतोय. पेव्हमेंटचं पण डोक्यात ठेवतो. वडिलांना अजून सांगितलेलं नाही.

तासावरचा मास्तर:
मोबाईलवर शूट कर रे, मग घरी बसून मोज. आणि वडिलांना रिझल्ट लागल्यावर सांग.